कंपनी आणि गाव मिळून झाडे लावणार असतील, तर आधी काय ठरवायला हवे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कारखान्याला शेजारच्या दोन गावांसोबत १०,००० रोपे लावायची आहेत. गावाच्या मोकळ्या रानातली जागा पाहून ठेवली आहे आणि ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, कार्यक्रम करायचा विचार आहे. तीन वर्षांपूर्वी असाच कार्यक्रम झाला होता, पण त्यातली बहुतेक रोपे दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत मेली. या वेळी ती जगावीत म्हणून कोणत्या जाती निवडाव्यात, रोपे किती उंचीची घ्यावीत आणि गावकऱ्यांचा सहभाग कसा वाढवावा, असे विचारले आहे.

जाती आणि उंचीबद्दल पुढे लिहितेच. पण कंपन्या आणि गावे यांच्यामध्ये उभे राहून हेच काम मी अनेक वर्षे केले आहे, आणि माझा अनुभव असा की रोपे मरतात ती बहुतेक वेळा जात चुकली म्हणून मरत नाहीत. झाड मोठे झाल्यावर ते कोणाचे, आणि तोवर त्याची राखण कोण करणार व कशाच्या बदल्यात, हे लावणीच्या आधी कोणी लिहून ठेवलेले नसते. तुमच्या प्रश्नातही जागा, संख्या आणि तारीख आहे, पण मालकी आणि राखण हे दोन मुद्दे नाहीत. मागच्या वेळी जे झाले त्याचे मूळ मला इथेच दिसते.

जागा कंपनीने पाहिली, तारीख कंपनीने ठरवली, जाती रोपवाटिकेत शिल्लक होत्या त्या आल्या, आणि गावाला निमंत्रण गेले ते खड्ड्यात रोप ठेवायला. याला सहभाग म्हणता येत नाही. तिथे झाडे लावायचीच का, लावायची तर कुठल्या तुकड्यावर आणि कशासाठी, हे ठरवताना गाव बैठकीत असेल आणि गावाने 'नको' म्हटले तर ते ऐकले जाणार असेल, तर सहभाग वेगळा वाढवावा लागत नाही.

मालकीचा मुद्दा मी इतका धरून का ठेवते, हे सांगायला नायजरचे उदाहरण घेते. सहारा वाळवंटाच्या कडेच्या या देशात १९८० च्या दशकापर्यंत शेतातले झाडसुद्धा कायद्याच्या दृष्टीने सरकारचे होते. आपल्याच शेतातले झाड तोडले तर दंड, मग शेतकरी ते वाढू तरी कशाला देईल? टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथे रोपे लावत होते आणि ती मरत होती. १९८३ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की शेतात झुडपांसारखे दिसते ते खरे तर तोडलेल्या झाडांच्या खुंटांना आलेले फुटवे आहेत. जमिनीखाली मुळे जिवंत होती. फुटव्यांतले दोन-चार जोमदार ठेवायचे, बाकीचे छाटायचे आणि राखण करायची, एवढेच ते शेतकऱ्यांना सांगू लागले. त्याच काळात झाडावर शेतकऱ्याचा हक्क व्यवहारात मान्य होत गेला आणि ही पद्धत एका शेतातून दुसऱ्या शेतात पसरली. आज सुमारे ५० लाख हेक्टरांवर अशी झाडे उभी असल्याचा अंदाज आहे, आणि त्यासाठी रोपे जवळजवळ लावावीच लागली नाहीत.

पश्चिम बंगालमधल्या अराबारीचा अनुभवही याच दिशेचा आहे. मेदिनीपूर जिल्ह्यातले तिथले साल वृक्षांचे जंगल तोडून तोडून खुरटले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी भोवतालच्या गावांपुढे प्रस्ताव ठेवला: तुम्ही राखण करा, बदल्यात काम मिळेल, जंगलातले किरकोळ उत्पन्न मिळेल आणि शेवटच्या तोडीतला २५ टक्के वाटाही मिळेल. गावांनी राखण केली आणि सालाचे खुंट पुन्हा फुटले. पुढे १९९० मध्ये केंद्र सरकारने संयुक्त वनव्यवस्थापनाचे, म्हणजे वनखाते आणि गावाने मिळून जंगल सांभाळण्याचे, परिपत्रक काढले, त्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता.

दोन्हीकडे काय बदलले ते पाहा. माती तीच, पाऊस तोच, माणसेही तीच. झाडात वाटा मिळाला, म्हणून राखण झाली. म्हणून तुमच्या पहिल्या बैठकीत रोपांची यादी नेऊ नका. कोरा कागद न्या आणि त्यावर लिहायला सुरुवात करा: गवत कोण कापणार, फळे आणि सुकी लाकडे कोण नेणार, पंधरा-वीस वर्षांनी एखादे झाड तोडायचे झाले तर कोणाला विचारायचे आणि पैसे कोणाला मिळायचे. कंपनीला या झाडांतून काही नको असेल तर तसे स्पष्ट लिहा. कार्बनचे श्रेय (झाडांनी शोषलेला कार्बन आपल्या नावावर दाखवण्याचा हक्क) किंवा अहवालातली संख्या हवी असेल तर तेही लिहा, कारण ते गावाला नंतर बाहेरून कळले तर विश्वास पुन्हा जुळवणे फार अवघड जाते.

बैठकीला कोण आले आहे, याहून कोण आलेले नाही हे जास्त पाहावे लागते. मोकळ्या रानाचा सर्वांत जास्त उपयोग ज्यांना असतो ते बहुधा बैठकीत नसतात. शेळ्या-मेंढ्या चारणारे, सरपणाला जाणाऱ्या बायका, वर्षातून दोनदा कळप घेऊन तिथून जाणारे लोक, यांच्या नावावर जमीन नसते आणि बैठकीच्या वेळी ते रानात असतात. तुमच्या कुंपणाचा पहिला फटका त्यांनाच बसतो. कुंपण तोडले, रोपे चारली, अशी तक्रार कंपन्या करतात तेव्हा मी आधी विचारते की ही जागा बंद होणार हे त्या माणसांना कोणी सांगितले होते का, आणि त्यांची जनावरे कुठे जावीत याचा विचार झाला होता का. त्यांना वेगळे भेटा, ते असतात तिथे जाऊन भेटा. सगळी जागा एकदम बंद करण्याऐवजी एक तृतीयांश तुकडा तीन वर्षे बंद ठेवून मग पुढचा घेतला तर चराईला जागा राहते. बंद तुकड्यातले गवत कापून नेण्याचा हक्क त्यांनाच दिला, तर राखणीला सर्वांत तयार माणसेही तीच निघतात. शिवाय गवत कापले गेले की उन्हाळ्यातल्या वणव्याची भीती कमी होते.

हे रान 'पडीक' आहे असे कागदावर लिहिलेले असेल, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. नैसर्गिक गवताळ रान ही स्वतंत्र परिसंस्था आहे. तिथले पक्षी, कीटक आणि जमिनीत साठलेला कार्बन हे सगळे उघड्या, उन्हाच्या जागेवर अवलंबून असते. तिथे दाट झाडी केली तर हिरवळ वाढल्यासारखी दिसते आणि जे होते ते जाते. पाण्याचाही हिशेब असतो. दक्षिण आफ्रिकेने १९९५ पासून परक्या जातींची झाडे मुद्दाम काढण्याचा मोठा सरकारी कार्यक्रम चालवला, कारण ती झाडे ओढ्या-नद्यांचे पाणी ओढून घेत होती. जागा कशी आहे हे वनस्पती ओळखणाऱ्या माणसाबरोबर पावसाळ्यात एकदा आणि कोरड्या दिवसांत एकदा फिरून पाहा. फिरताना खाली बघा. तोडलेले खुंट, चरून खुरटलेले फुटवे, आपोआप आलेली रोपटी सापडली तर त्या तुकड्यावर नवे काही न लावता नुसते राखा. मुळे आधीच खोल गेलेली असल्याने अशी झाडे लावलेल्या रोपांपेक्षा लवकर उभी राहतात.

आता जातींचे. जवळच्या राखलेल्या जंगलात किंवा जुन्या देवराईत जे आपोआप वाढते, ते तुमचे पहिले पुस्तक. त्यातल्या कोणत्या जाती गावाला हव्यात हे गावाला विचारा आणि बायकांना वेगळे विचारा. एकाच घरात पुरुष इमारती लाकूड सांगतात आणि बायका चारा, सरपण, फळ सांगतात. दहा-पंधरा जातींचे मिश्रण ठेवा. एकच लवकर वाढणारी परकी जात लावायचा मोह टाळा. केनियातल्या बारिंगो भागात १९८० च्या दशकात वेडी बाभूळ विकासकार्यक्रमांतून लावली गेली. ती चराऊ कुरणांवर पसरली, रस्ते आणि पाणवठे अडले, तिच्या गोड शेंगा खाऊन शेळ्यांचे दात किडून पडू लागले. शेवटी तिथले पशुपालक न्यायालयात गेले आणि पुरावा म्हणून दात गेलेली शेळी सोबत घेऊन गेले. लावणारे निघून गेले होते, भोगायला गाव राहिले.

दाट मियावाकी वन करावे का, असा पुढचा प्रश्न येईलच, म्हणून आत्ताच लिहिते. अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांची पद्धत कंपन्यांच्या आवारातच वाढली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला निप्पॉन स्टीलच्या ओइता कारखान्याभोवती तिचा मोठा प्रयोग झाला. एऑन या जपानी दुकानसाखळीने १९९१ मध्ये मलेशियातल्या मलाक्का इथल्या दुकानापासून नव्या दुकानाभोवती परिसरातल्या लोकांच्या हातून रोपे लावायची प्रथा सुरू केली आणि २०१३ पर्यंत त्यांच्या एकूण रोपांचा आकडा १ कोटीवर गेला. उदाहरण चांगले आहे, पण त्यात जागा कंपनीची आहे. मालकीचा वाद नाही, आवार बंद आहे, पाणी आहे, तण काढायला माणूस आहे. दर चौरस मीटरला तीनेक रोपे, खाली भुसभुशीत केलेली माती, वर पेंढ्याचे जाड आच्छादन आणि पहिली दोन-तीन वर्षे नेमाने तण काढणे हे तिथे जमते. गावाच्या चराऊ रानावर तीच पद्धत उचलून ठेवली तर खर्च खूप होतो आणि झाडी इतकी दाट होते की ना चराई, ना गवत, ना आत शिरायला वाट. तुमच्याकडे कारखान्याच्या हद्दीत जागा असेल तर दाट वन तिथे करा आणि गावातल्या मुलांना तिथे येऊ द्या. गावाच्या जमिनीवर गावाला हवे तसे विरळ, उपयोगाचे झाड.

तारखेबद्दल माझे मत पक्के आहे. ५ जूनला लावणी करू नका, जोवर त्या दिवशी तुमच्या जागेची जमीन वीतभर खोल ओली झालेली नसेल. पहिल्या सरीनंतर वरची माती ओली दिसते आणि खाली कोरडीच असते. त्यात ठेवलेले रोप पुढच्या आठ-दहा दिवसांच्या उघडीपीत मान टाकते. खड्डे पावसाच्या महिना-दीड महिना आधी काढून ठेवावेत, म्हणजे माती उन्हाने तापते आणि मोकळी होते. लावणी पावसाने जम धरल्यावर, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी. कंपनीला त्या दिवशी काहीतरी करायचेच असेल तर गावच्या रोपवाटिकेत बी पेरा, करारावर सह्या करा किंवा मागच्या वर्षीच्या रोपांची मोजणी करून आकडा सगळ्यांसमोर वाचा.

रोपाची उंची. कार्यक्रमासाठी पाच-सहा फुटांची रोपे मागवली जातात, कारण फोटोत ती दिसतात. पिशवीत इतके वाढलेले रोप बहुधा आतून बिघडलेले असते. मुळे तळाशी गोल गोल फिरलेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही ती तशीच फिरत राहतात. झाड दोन-तीन वर्षे बरे दिसते आणि मग वाऱ्याने मुळासकट पडते. उघड्या रानासाठी मी साधारण गुडघ्याएवढे, जाड बुंध्याचे, रोपवाटिकेतले शेवटचे काही आठवडे कडक उन्हात आणि कमी पाण्यावर काढलेले रोप घेते. मागणी नोंदवण्याआधी रोपवाटिकेत जाऊन चार-पाच पिशव्या स्वतः फाडून मुळे पाहा. रोपवाटिकावाल्याला आवडणार नाही, तरी पाहा.

खड्डा साधारण ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. मुरमाड जमीन असेल तर मोठा. वरची काळसर माती वेगळी ठेवून ती तळाशी घालायची. पिशवी पूर्ण काढायची, हे कार्यक्रमाच्या गर्दीत सर्रास राहून जाते. खोड जिथे मुळांना मिळते ती जागा जमिनीच्या पातळीला यावी, खाली गाडली जाऊ नये. उताराच्या जमिनीवर वरच्या अंगाला उघडे आणि खालच्या अंगाला बांध असलेले अर्धगोल आळे करा, म्हणजे वाहते पाणी तिथे थांबते. पालापाचोळ्याचे आच्छादन चार बोटे जाड घाला, पण बुंध्याला चिकटवू नका, नाहीतर साल कुजते.

मग खरे काम सुरू होते. पहिल्या दोन वर्षांत रोपाचा मोठा वैरी गवत असतो. ते मुळाजवळचे पाणी आधी पिऊन टाकते, म्हणून बुंध्याभोवती हातभर वर्तुळ स्वच्छ ठेवावे लागते. पाणी द्यायचे तर रोज शिंपडण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी पण मुळांपर्यंत पोचेल इतके द्या, म्हणजे मुळे खोल जातात. कोरडा काळ सुरू होण्याआधी तुकड्याभोवती जाळपट्टा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी, काढा. पुढच्या पावसाळ्यात नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरताना मेलेल्या जातीचेच रोप पुन्हा आणू नका. त्या तुकड्यावर जे जगले आहे त्यातले लावा, जमीन कशाला राजी आहे ते तिनेच दाखवलेले असते.

कर्मचाऱ्यांचा श्रमदानाचा उत्साह इथे वापरा. लावणीच्या दिवशी २०० माणसे आली तर घाईत खड्डे उथळ भरले जातात. त्याच २०० जणांना गटागटाने वर्षभर बोलावले, खुरपणीला, आच्छादन घालायला, मोजणीला, तर कामही नीट होते आणि त्यांची गावातल्या माणसांशी ओळख होते. एका दिवसात लाखो रोपे लावण्याचे मोठे उपक्रम जगभर झाले आहेत. तुर्कस्तानात ११ नोव्हेंबर २०१९ ला १ कोटी १० लाख रोपे लावल्याचे जाहीर झाले. काही महिन्यांनी तिथल्या वनकामगारांच्या संघटनेने तपासलेल्या ठिकाणची ९० टक्क्यांपर्यंत रोपे मेल्याचे सांगितले आणि सरकारने ते नाकारले. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर खारफुटीची लागवड झाली. पुढे तिथल्या २३ जागा तपासल्या तेव्हा ९ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हते. जागेची निवड चुकली होती आणि पुढची देखभाल नव्हती.

म्हणून पैशांची मांडणी आधी बदला. माझा ठोकताळा असा की एकूण रकमेतली निम्म्याहून कमी रक्कम लावणीच्या वर्षी खर्च व्हावी आणि उरलेली पुढच्या तीन-चार वर्षांच्या राखणीसाठी बाजूला काढलेली असावी. कंपन्यांमध्ये रक्कम वर्षअखेरीला संपवायची घाई असते, तिथेच हे गाडे अडते. वरिष्ठांशी भांडायचे असेल तर रोपांच्या संख्येवरून भांडू नका, या मुद्द्यावर भांडा. १०,००० ऐवजी ३,००० लावा, पण चार वर्षांची तरतूद लेखी घ्या.

राखणीचा मोबदला कसा द्यावा, यावर पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांच्या ग्रीन बेल्ट चळवळीने चांगला धडा घालून दिला. केनियात १९७७ मध्ये सुरू झालेल्या या चळवळीत गावोगावच्या बायका रोपवाटिका चालवत आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागे त्यांना थोडी रक्कम मिळे. लावलेल्या नव्हे, जगलेल्या. मी यात एक भर घालते. सगळा मोबदला जगलेल्या रोपांवर ठेवला तर दुष्काळी वर्षाचा भार सर्वांत गरीब माणसावर पडतो. म्हणून राखणदाराला ठरलेली मजुरी द्या आणि जगलेल्या रोपांवर गटाला वरची रक्कम द्या. मोजणी बारा, चोवीस आणि छत्तीस महिन्यांनी करा. सगळी रोपे मोजायची गरज नाही. चिठ्ठ्या टाकून दर दहा ओळींतली एक निवडा आणि गावचे दोघे, कंपनीचे दोघे मिळून ती मोजा. लावणीचा ठेका ज्याच्याकडे आहे त्याने मोजणी करू नये. आकडा गावच्या फलकावर लिहा आणि कंपनीच्या अहवालात तोच छापा.

तुमच्या गावांतल्या बायकांच्या गटाकडून अशीच रोपवाटिका करून घ्यायची तर बी गोळा करण्यापासून रोप तयार होईपर्यंत आठ-दहा महिने, काही जातींना त्याहून जास्त लागतात. म्हणजे यंदा तुमची १०,००० रोपे होणार नाहीत. माझा सल्ला तोच आहे: मोठी लावणी एक वर्ष पुढे ढकला. यंदा वेगवेगळ्या तुकड्यांवर मिळून ५०० रोपे लावून पाहा, रोपवाटिका उभी करा, चराईची व्यवस्था लावा, आणि उरलेल्या वेळात मागच्या वेळच्या रोपांपैकी जी जगली असतील त्यांना आळी करून पाणी द्या. ती का जगली हे गावातल्या कोणाला तरी माहीत असते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती बैठकीत निघणारच. कारखान्याचा धूर, सांडपाणी, रस्ता, विहिरींचे पाणी, यांपैकी कशाबद्दल गावाची तक्रार पडून असेल तर झाडांच्या आधी ती ऐका. लोक झाडे लावायला येतीलही, पण मनात ती तक्रार असेल तर राखणीला येणार नाहीत, आणि त्यांचे चूक नाही. तसेच या झाडांच्या जोरावर कारखान्याचे उत्सर्जन भरून निघाले असा दावा करू नका. रोप कार्बन साठवायला वर्षे घेते, आणि एका वणव्यात साठवलेले परत हवेत जाते.

करारात शेवटचे एक कलम हवे. तुमची बदली झाली, कंपनी विकली गेली किंवा धोरण बदलले तर काय? उरलेल्या वर्षांची राखणीची रक्कम गावाच्या समितीच्या आणि कंपनीच्या संयुक्त खात्यात आधीच ठेवा, ती फक्त राखण, खुरपणी आणि नांगे भरण्यासाठीच काढता येईल अशी अट घाला, आणि कंपनी बाहेर पडली तर खाते पूर्णपणे समितीकडे जाईल असे लिहा. हे कलम पहिल्याच मसुद्यात टाका, कारण चौथ्या वर्षी ते मागायला गाव येईल तेव्हा समोर वेगळाच माणूस बसलेला असतो.